जस्टीनच्या खिशातलं लघुचित्र : ‘फ्रँकेन्स्टाइन’मधल्या एका खटल्याचा प्रकरण अभ्यास

‘फ्रँकेन्स्टाइन’ म्हटलं की प्रयोगशाळा आणि राक्षस डोळ्यांपुढे येतात. पण या कादंबरीचा पहिला खंड संपतो तो एका न्यायालयाच्या निकालावर. जस्टीन मॉरिट्झ नावाच्या मोलकरणीवर मालकाच्या लहान मुलाच्या खुनाचा आरोप येतो, खटल्याच्या दुसऱ्या दिवशी ती दोषी ठरते, तिसऱ्या दिवशी फासावर जाते. ती निर्दोष आहे, आणि ते ठामपणे सांगू शकणारा माणूस, राक्षस घडवणारा व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन, त्याच कोर्टात बसलेला आहे. तो गप्प राहतो.

हे प्रकरण सहसा ‘व्हिक्टरचा अपराधभाव’ या मथळ्याखाली दोन ओळींत उरकलं जातं. इथे ते खटला म्हणूनच तपासलं आहे: पुरावा काय होता, कोणापुढे कोणते पर्याय होते, कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला. मेरी शेली यांची कादंबरी १ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये तीन खंडांत आली आणि १८३१ मध्ये त्यांनी तिची सुधारित आवृत्ती काढली. या खटल्याच्या तपशिलात दोन्ही पाठ काही ठिकाणी वेगळे आहेत. फरक जिथे महत्त्वाचा आहे तिथे तो नोंदवला आहे.

पार्श्वभूमी

फ्रँकेन्स्टाइन हे जिनिव्हातलं मातब्बर घराणं. वडील अल्फॉन्स सिंडिक, म्हणजे त्या छोट्या प्रजासत्ताकाच्या वरिष्ठ कारभाऱ्यांपैकी एक. थोरला मुलगा व्हिक्टर शिकायला जर्मनीत इंगोलश्टाटला, मधला अर्नेस्ट आणि धाकटा विल्यम घरी. याच घरात वाढलेली एलिझाबेथ आई गेल्यापासून घर सांभाळते. व्हिक्टरने सुमारे दोन वर्षांपूर्वी आठ फूट उंचीचा एक जीव घडवला आणि त्याने डोळे उघडताच त्याला टाकून पळ काढला. यातलं घरच्यांना काही माहीत नाही. आजारपणात त्याची शुश्रूषा करणाऱ्या क्लर्वल या मित्रालाही नाही.

जस्टीन ही विधवा मॉरिट्झबाईंच्या चार मुलांपैकी तिसरी. बापाची लाडकी, आईच्या डोळ्यांत सलणारी. तिचे हाल पाहून व्हिक्टरच्या आईने ती बारा वर्षांची असताना तिला आपल्या घरी आणलं. पुढे व्हिक्टरची आई तापाने अंथरुणाला खिळली तेव्हा जस्टीनने तिची सेवा केली आणि त्यात स्वतः आजारी पडली. मग जस्टीनची भावंडं एकामागून एक गेली. पक्षपाताबद्दल देवाने दिलेली ही शिक्षा आहे, असं आईच्या मनाने घेतलं आणि तिच्या कॅथलिक धर्मगुरूने त्याला दुजोरा दिला. जस्टीनला परत बोलावण्यात आलं. घरी आई एके दिवशी तिची क्षमा मागायची, दुसऱ्या दिवशी भावंडांच्या मृत्यूचं खापर तिच्याच माथी फोडायची. आई वारल्यावर जस्टीन फ्रँकेन्स्टाइनांकडे परतली.

हा शेवटचा तपशील बहुतेक वाचक विसरतात. जे केलं नाही त्याचा दोष या मुलीवर एकदा येऊन गेला होता, आणि त्याला एका धर्मगुरूचा हातभार होता. तुरुंगात पुढे काय घडलं ते समजायला हे लक्षात हवं.

आणखी एक बाब भूगोलाची. एलिझाबेथ पत्रात अभिमानाने लिहिते की जिनिव्हातला नोकर म्हणजे फ्रान्स-इंग्लंडातला नोकर नव्हे. इथे वर्गावर्गांत एवढी दरी नाही. मेरी शेली १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाजवळ राहिल्या होत्या. तिथून १ जूनला लिहिलेल्या पत्रात त्यांनी जवळजवळ हेच निरीक्षण नोंदवलं आहे. त्याच पत्रात त्या सांगतात की शहराच्या वेशी रात्री दहाला बंद होतात आणि लाच देऊनही उघडत नाहीत. समतेचं कौतुक आणि बंद वेस, दोन्ही कादंबरीत उतरलं. जस्टीनच्या वाट्याला वेस आली.

घटनाक्रम

७ मे, गुरुवार. घरची मंडळी शहराबाहेर प्लँपालेच्या मैदानात फिरायला गेली होती. अर्नेस्ट आणि विल्यम लपाछपी खेळत होते, विल्यम लपला तो सापडेना. निघण्यापूर्वी त्याने हट्ट करून एलिझाबेथकडून आईचं मौल्यवान लघुचित्र गळ्यात घालून घेतलं होतं. अंधार पडला, मशाली घेऊन शोध सुरू राहिला. पहाटे पाचच्या सुमारास अल्फॉन्सना मुलगा गवतात निपचित पडलेला दिसला. गळ्यावर खुन्याच्या बोटांचे वळ होते आणि लघुचित्र नाहीसं झालं होतं.

जस्टीन त्या संध्याकाळी एलिझाबेथच्या परवानगीने शेन या गावी मावशीकडे गेली होती. गाव जिनिव्हापासून साधारण एक लीग, म्हणजे पाचेक किलोमीटर. नऊच्या सुमारास परतताना एका माणसाने तिला हरवलेल्या मुलाबद्दल विचारलं. ती घाबरून शोधत हिंडली, तोवर वेशी बंद झाल्या. एका शेतघराच्या कोठारात तिने रात्र काढली. घरातली माणसं ओळखीची, त्यांना अपरात्री कसं उठवायचं, हा संकोच. पहाटे निघाल्यावर एका बाजारकरणीने तिला प्रेताच्या जागेपासून जवळच पाहिलं आणि इथे काय करतेस असं विचारलं. उत्तर धड नव्हतं. आठच्या सुमारास ती घरी पोचली, प्रेत पाहून कोसळली आणि काही दिवस अंथरुणात होती.

(मशाली घेऊन घरची मंडळी रात्रभर ये-जा करू शकली आणि मोलकरीण वेशीबाहेर अडकली, हे कसं? कादंबरी खुलासा करत नाही. सिंडिकसाठी वेस उघडली असेल, असा तर्क तेवढा करता येतो.)

ती अंथरुणात असताना दुसऱ्या एका नोकराच्या हाती तिचे त्या रात्रीचे कपडे लागले. खिशात लघुचित्र निघालं. त्याने मालकांना न सांगता ते आणखी एका नोकराला दाखवलं, आणि तो थेट दंडाधिकाऱ्यांकडे गेला. जस्टीनला अटक झाली. आरोप ऐकताना ती गोंधळली, आणि हा गोंधळही पुरावा म्हणून धरला गेला.

प्रश्न

पुरावा परिस्थितिजन्य होता आणि वरवर पाहता भक्कम होता. रात्रभर घराबाहेर, घटनास्थळाजवळ हजर, विचारल्यावर विसंगत उत्तर, आणि चोरीची वस्तू खिशात. यातली पहिली तीन कलमं त्या रात्री मुलाला शोधत फिरणाऱ्या कोणालाही लागू पडली असती. खरा भार चौथ्यावर होता.

त्या लघुचित्राचा उलगडा जस्टीनला करता आला नाही. ते खिशात कसं आलं ते माहीत नाही, माझं कोणाशी वैर नाही, आणि खुन्याने ते चोरलं असेल तर इतक्या लवकर टाकून का द्यावं, असं तिने कोर्टात विचारलं. आरोपीच्या तोंडून आलेला हा प्रश्न अख्ख्या खटल्यातला सर्वांत नेमका होता. कोणी तो पुढे नेला नाही.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर? पैशांसाठी खून करणारी बाई तो ऐवज त्याच कपड्यांच्या खिशात ठेवून, इतर नोकर हाताळतील अशा ठिकाणी ते कपडे टाकून, अनेक दिवस आजारी पडून राहील का? तिच्या वागण्यात ऐवज लपवण्याचा कुठलाच प्रयत्न दिसत नाही. फिर्यादी पक्षाच्या गोष्टीतली ही फट रुंद होती.

न विचारलेले प्रश्न

इथे थोडं थांबायला हवं, कारण या प्रकरणाचा जीव इथेच आहे.

*बोटांचे वळ.* अल्फॉन्सनी ते स्वतः पाहिले आणि पत्रात लिहिले. खुनी म्हणजे व्हिक्टरने घडवलेला तो आठ फुटी राक्षस, हातही त्याच मापाचे. एका तरुण मोलकरणीचा पंजा त्या वळांशी ताडून पाहिला असता तर खटला उभाच राहिला नसता. मात्र विल्यम पहाटे पाचला सापडला, खटला त्यानंतर कितीतरी दिवसांनी उभा राहिला. मोजमाप घ्यायचं तर पहिल्याच दिवशी, कोणावरही संशय येण्याआधी घ्यायला हवं होतं. बापाच्या शोकात ते सुचलं नाही हे समजण्यासारखं आहे, दंडाधिकाऱ्यांना ही सवलत देता येत नाही.

*मृत्यूची वेळ.* मूल हरवण्याच्या तासभर आधी आपण चित्र त्याच्या गळ्यात घातल्याचं एलिझाबेथने साक्षीत सांगितलं. मूल संध्याकाळीच हरवलं, आणि नऊला जस्टीनला रस्त्यात मुलाबद्दल विचारणारा माणूस भेटला. मग संध्याकाळभर ती शेनला होती की नाही, हा निर्णायक मुद्दा ठरतो. शेनची मावशी कोर्टात आल्याचा उल्लेख नाही, रस्त्यात भेटलेल्या माणसाचाही नाही. जिने परवानगी दिली ती एलिझाबेथ कोर्टात दोनदा बोलली, एकदा चित्र ओळखण्यासाठी आणि एकदा जस्टीनच्या स्वभावाची ग्वाही द्यायला. वेळेबद्दल तिला कोणी विचारलं नाही. चारित्र्याच्या दहा साक्षींपेक्षा मावशीची एक साक्ष जड ठरली असती.

*कोठार.* रात्री तिथे आणखी कोणी येऊन गेलं का? गवतात, मातीत काही खुणा होत्या का? १८१८ च्या पाठात जस्टीन म्हणते की तिला झोप लागलीच नाही, म्हणून ती पहाटेच निघाली. त्याच पाठात राक्षस पुढे सांगतो की जवळून जाणाऱ्या एका तरुणीच्या कपड्यांच्या घडीत आपण नकळत चित्र सरकवलं. आठ फुटी देह चालत्या, जाग्या माणसाच्या खिशात हात घालतो आणि तिला पत्ताही लागत नाही, हे पटणं कठीण. लेखिकेलाही ते खटकलं असावं. १८३१ च्या पाठात जस्टीनला पहाटे काही क्षण डोळा लागतो, पावलांच्या आवाजाने ती जागी होते, आणि राक्षस सांगतो की ती कोठारात गवतावर झोपली होती. म्हणजे सुधारित पाठात ‘खुन्याला संधी कधी मिळाली’ याचं उत्तर जस्टीनच्याच जबानीत आहे. त्या पावलांबद्दल कोर्टात कोणी एक अवाक्षर काढत नाही, आणि म्हणून १८३१ चा खटला १८१८ च्या खटल्यापेक्षा जास्त अन्यायकारक वाटतो.

आपल्याकडे परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये, महाराष्ट्रातून अपिलात गेलेल्या एका खटल्यात एकत्र मांडल्या. त्यांना ‘पंचशील’ म्हणतात. आरोपी दोषी असण्याखेरीज दुसरी कोणतीही शक्यता शिल्लक राहता कामा नये, ही त्यातली एक. जस्टीनचं प्रकरण तिथेच अडखळलं असतं, कारण ‘कोणीतरी चित्र खिशात ठेवलं’ ही शक्यता कोणी खोडलीच नव्हती. अठराव्या शतकातल्या न्यायाधीशांना विसाव्या शतकाचं माप लावणं योग्य नाही, हे खरं. पण केवळ परिस्थितीवरून शिक्षा देणं आमच्या न्यायाधीशांना आवडत नाही, असं त्याच कोर्टातला एक अधिकारी व्हिक्टरला सांगतो. तत्त्व ठाऊक होतं. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे कबुलीजबाब.

निर्णयाची वळणं आणि पर्याय

*पहिलं वळण : वादळी रात्र.* व्हिक्टर जिनिव्हाला पोचतो तेव्हा वेशी बंद झालेल्या असतात. तो सेशरों गावी उतरतो, झोप येत नाही म्हणून होडीने तळं ओलांडून प्लँपालेकडे जातो. विजेच्या लखलखाटात त्याला तो प्रचंड आकार दिसतो, आणि हाच खुनी अशी त्याची तत्क्षणी खात्री पटते. तो म्हणतो की ही कल्पना मनात येणं हाच तिचा अकाट्य पुरावा होता.

व्हिक्टरचा अंदाज बरोबर निघतो म्हणून आपण त्याची ही खात्री सहज गिळतो. जरा ताडून पाहा. कोर्टाजवळ काय होतं? घटनास्थळाजवळ दिसलेली व्यक्ती, आणि तिच्या चेहऱ्यावरून काढलेला निष्कर्ष. व्हिक्टरजवळ काय होतं? घटनास्थळाजवळ दिसलेली व्यक्ती, तीही खुनानंतर बऱ्याच दिवसांनी, आणि तिच्या रूपावरून काढलेला निष्कर्ष. कोर्टाकडे निदान एक लघुचित्र होतं, याच्याकडे तेही नाही. तर्काची रीत एकच. एक उत्तर चुकलं, दुसरं जमलं. राक्षसाची बाजू वाचकाला दुसऱ्या खंडात कळते, तोवर वाचकही व्हिक्टरच्या शब्दावर विसंबून दिसण्यावरूनच निकाल देत असतो.

*दुसरं वळण : घरची सकाळ.* पहाटे पाचच्या सुमारास व्हिक्टर घरी येतो. अर्नेस्ट त्याला सांगतो की खुनी सापडला. व्हिक्टर बोलून जातो की तुमची सगळ्यांची चूक होते आहे, खुनी कोण ते मला माहीत आहे, जस्टीन निर्दोष आहे. तेवढ्यात वडील आत येतात आणि अर्नेस्ट म्हणतो, “बाबा, विल्यमला कोणी मारलं ते व्हिक्टरला ठाऊक आहे म्हणे.” अल्फॉन्स उत्तर देतात की दुर्दैवाने ते आम्हालाही ठाऊक आहे, आणि जिला इतकं मानलं तिची कृतघ्नता कळण्यापेक्षा न कळतं तर बरं झालं असतं.

संभाषण इथून पुढे वेगळीकडे जातं. ‘कोण?’ हा एक शब्द कोणी उच्चारत नाही. मुलगा म्हणतो मला माहीत आहे, बाप म्हणतो आम्हालाही, आणि दोघांच्या मनात दोन वेगळी माणसं आहेत हे उघड होऊनही मुलाच्या मनातलं माणूस कोण, ते विचारलं जात नाही. सबंध प्रकरणात सत्य बाहेर यायला सर्वांत सोपी जागा ही होती. व्हिक्टरने लपवायचं आधीच ठरवलं होतं हे खरं, तरी थेट प्रश्नाला त्याला निदान काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

अल्फॉन्स पुढे सांगतात की ती निर्दोष असेल तर आपल्या कायद्यांवर विश्वास ठेव, पक्षपाताची सावलीही पडू नये याची मी दक्षता घेईन. सिंडिक म्हणून ही भूमिका सचोटीची आहे. पण दबाव आणू नये म्हणून बाजूला राहणं वेगळं आणि तपास पुरा करायला वेळ मागणं वेगळं. दुसरी गोष्ट त्यांच्या हातात होती.

*तिसरं वळण : कोर्ट, सकाळी अकरा.* व्हिक्टरपुढे इथे चार वाटा होत्या.

सगळं सांगणं. वेड्यात काढतील, ही त्याची भीती. त्याला भ्रमात नेणारा ‘नर्व्हस फीव्हर’ होऊन गेला होता आणि तो आजारी होता हे घरच्यांना ठाऊक होतं. राक्षसाला दुसऱ्या कोणी पाहिल्याचं त्याला माहीत नव्हतं.

स्वतः गुन्हा कबूल करणं. हा विचार त्याच्या मनात येतो, पण खून झाला तेव्हा तो जिनिव्हात नव्हताच.

गप्प राहणं. त्याने हेच केलं.

चौथ्या वाटेचा त्याने विचारही केला नाही: अर्धं सत्य, शपथेवर. ‘मी वादळाच्या रात्री प्लँपालेला होतो, तिथे एक असामान्य उंचीचा अनोळखी माणूस पाहिला, तो सालेव्हच्या कड्यावर चढून गेला.’ यात प्रयोगशाळा नाही, मुडद्यांचे अवयव नाहीत, वेडेपणाचा संशय येण्यासारखं काही नाही. सिंडिकच्या मुलाने हे सांगितलं असतं तर निदान तपास लांबला असता, आणि मग बोटांच्या वळांची आठवण कोणाला तरी झाली असती. पण अर्धं सत्य सांगितलं की पुढचा प्रश्न येतोच: तू त्याला ओळखतोस का? व्हिक्टरचं मौन फाशीच्या भीतीपोटी नव्हतं, या पुढच्या प्रश्नाच्या भीतीपोटी होतं, असं माझं मत आहे. जस्टीनला वाचवण्याची किंमत म्हणून त्याला आपलं खरं रूप उघडं करावं लागलं असतं.

*चौथं वळण : तुरुंग.* शिक्षा झाल्यापासून धर्मगुरू जस्टीनच्या मागे लागला. कबूल केलं नाहीस तर बहिष्कार आणि नरक, असं त्याने धमकावलं. तो म्हणतो तसा राक्षस मीच आहे की काय असं मला वाटू लागलं होतं, असं ती एलिझाबेथला सांगते. तिने खोटी कबुली दिली. ज्या मुलीवर आधी भावंडांच्या मृत्यूचा दोष आला, तिला दुसऱ्या मृत्यूचा दोष पत्करायला लावणं अवघड नव्हतं. आणि कबुली कळताच, कोर्टात तिच्यासाठी उभी राहिलेली एलिझाबेथसुद्धा डळमळली. माणसाच्या चांगुलपणावर आता कसा विश्वास ठेवू, असं ती म्हणाली. तुरुंगात भेट झाली आणि कबुली खोटी असल्याचं कळलं, तेव्हा ती पूर्ववत झाली.

खटल्यात प्रत्यक्ष काय झालं

जस्टीन शोकाच्या काळ्या पोशाखात, शांत चेहऱ्याने उभी राहिली. व्हिक्टरचं निरीक्षण असं की ती शांतता ओढूनताणून आणलेली होती. आधीचा गोंधळ तिच्याविरुद्ध गेला होता, म्हणून तिने धीर गोळा केला होता. दोन्हीकडून कोंडी: गोंधळली तर अपराधी, शांत राहिली तर निर्ढावलेली.

तिला वर्षानुवर्षं ओळखणारे साक्षीदार आले, पण गुन्ह्याच्या घृणेने बिचकले. एलिझाबेथ स्वतःहून उभी राहिली आणि म्हणाली की मी जस्टीनबरोबर एका घरात आधी पाच वर्षं आणि नंतर जवळजवळ दोन वर्षं राहिले आहे. लोकांनी एलिझाबेथच्या औदार्याचं कौतुक केलं, आणि इतक्या भल्या घराशी कृतघ्नपणा केल्याबद्दल जस्टीनवरचा संताप उलट वाढला. चारित्र्याची साक्ष अशी उलटू शकते. ऐकणाऱ्यांनी दोष आधीच गृहीत धरला असेल तर साक्षीदार जितका मोठा तितका आरोपी हीन दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मतांच्या गोट्या पडल्या. सगळ्या काळ्या, म्हणजे दोषी ठरवणाऱ्या, निघाल्या.

परिणाम

जस्टीन तिसऱ्या दिवशी गेली. राक्षसाने तिलाच का निवडलं, ते तो नंतर सांगतो. १८३१ च्या पाठात ते अधिक उघड आहे: झोपलेल्या तरुणीकडे पाहून त्याला आधी ओढ वाटते, मग ती जागी झाली तर आपल्याला पाहून किंचाळेल आणि पकडून देईल ही भीती, आणि मग शिक्षा तिलाच होऊ दे हा निश्चय. तिने डोळेही उघडलेले नसताना तिचा निकाल लागलेला असतो. ज्याला आयुष्यभर दिसण्यावरून झिडकारलं गेलं, तो दिसण्यावरूनच एका अनोळखी मुलीला दोषी ठरवतो. माणसांचे क्रूर कायदे आणि फेलिक्सचे धडे यांनीच आपल्याला हे कपट शिकवलं, असं तो म्हणतो. फेलिक्स म्हणजे ज्याच्या घराशेजारी लपून तो भाषा शिकला तो तरुण. त्या घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्याने, तुमचा चेहरा मला दिसत नाही पण तुमच्या बोलण्यात प्रामाणिकपणा आहे, असं म्हणत त्याला जवळ बसवलं होतं. फेलिक्स आत आला, त्याने पाहिलं, आणि काठी उचलली.

व्हिक्टरने गुपित आणखी बराच काळ राखलं. लग्नानंतरच्या दिवशी सगळं सांगेन असं वचन त्याने एलिझाबेथला दिलं होतं. लग्नाच्या रात्रीच ती मारली गेली.

काय वेगळं करता आलं असतं

याचं उत्तर कादंबरीतच आहे, तिसऱ्या खंडात. क्लर्वलच्या खुनाचा आळ व्हिक्टरवर आयर्लंडमध्ये येतो. पुरावा जवळजवळ जस्टीनसारखाच. घटनास्थळाजवळ दिसलेली होडी आणि तीत एकटा माणूस, गळ्यावर बोटांचे वळ, आणि वळांचा उल्लेख होताच आरोपीची झालेली घालमेल. दंडाधिकारी कर्विन हीदेखील आधी वाईट खूणच मानतो.

त्यापुढे मात्र कर्विन वेगळं वागतो. आरोपीची कागदपत्रं तपासतो, त्यात वडिलांचं पत्र सापडतं, जिनिव्हाला कळवतो. आरोपी महिनोन्‌महिने आजारी असतो, तोवर थांबतो. साक्षीदार गोळा करण्याचं आणि बचाव उभा करण्याचं काम स्वतः अंगावर घेतो. आणि वेळेचा हिशेब लावतो: प्रेत सापडलं त्या वेळी व्हिक्टर स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर होता, हे सिद्ध होतं आणि ग्रँड ज्युरी, म्हणजे खटला चालवायचा की नाही ते ठरवणारं मंडळ, आरोप फेटाळते. जिनिव्हात शेनच्या मावशीला बोलावलं असतं तर हाच हिशेब झाला असता. फरक पुराव्यात नव्हता. एका आरोपीसाठी कोणीतरी वेळ काढला, दुसरीसाठी नाही. पहिला सिंडिकचा मुलगा होता, दुसरी मोलकरीण, हेही नोंदवायला हवं.

मोलकरणीच्या सामानात ऐवज पेरणं ही लेखिकेच्या घरचीच गोष्ट. १८१८ ची आवृत्ती तिने वडील विल्यम गॉडविन यांना अर्पण केली, आणि त्यांच्या १७९४ च्या ‘केलब विल्यम्स’मध्ये मालक नोकराला याच युक्तीने चोर ठरवतो. जिनिव्हाच्या रूसोने आत्मकथेत लिहिलं आहे की तुरिनमध्ये नोकर असताना आपण एक रिबन चोरली आणि आळ एका मोलकरणीवर घातला. 

उरला व्हिक्टरचा युक्तिवाद, ‘सांगितलं असतं तरी कोणी विश्वास ठेवला नसता’. एलिझाबेथ गेल्यावर तो जिनिव्हातल्या एका दंडाधिकाऱ्याला अथपासून इतिपर्यंत सगळं सांगतो, त्यामुळे हा युक्तिवादही तपासता येतो. दंडाधिकारी त्याला हाकलून देत नाही. भुताखेतांच्या गोष्टी ऐकताना बसतो तसा अर्धामुर्धा विश्वास ठेवून ऐकतो, मध्येमध्ये शहारतोही. कारवाई करा म्हटल्यावर मात्र तो मागे सरतो. सौम्यपणे म्हणतो की अशा ताकदीच्या प्राण्यामागे माझे प्रयत्न कसे पुरे पडणार. म्हणजे व्हिक्टरची भीती निम्मी खरी होती: पाठलाग कोणी केला नसता. पण जस्टीनला पाठलागाची गरज नव्हतीच. तिला हवी होती ती फक्त शंका, आणि अर्धामुर्धा विश्वास शंकेला पुरेसा असतो.

हा खटला वाचायला घेताना हातात कोणती आवृत्ती आहे ते आधी पाहावं. १८३१ मध्ये शेवटी थोडा मजकूर वाढवला आहे: निकालानंतर एलिझाबेथ आणि व्हिक्टर न्यायाधीशांना विनवतात, त्यांची थंड उत्तरं ऐकून व्हिक्टरच्या ओठांवर आलेली कबुली तिथेच विरते. १८१८ मध्ये हे नाही. तिथे तो नुसताच गप्प आहे. पहिली आवृत्ती जास्त कठोर आहे आणि प्रकरण म्हणून जास्त उपयोगाची. वाढवलेल्या मजकुरामुळे न्यायाधीशांच्या निष्ठुरतेवर बोट ठेवून व्हिक्टरला मोकळं होता येतं. पण त्या सकाळी घरी, खटला सुरू होण्यापूर्वी, त्याच्यासमोर न्यायाधीश नव्हते, वडील आणि धाकटा भाऊ होते.